घरचे गाणे : अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्यापाशी स्वतःच्या गळ्यावाचून दुसरे साधन नव्हते. ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचे, तोच वक्ता म्हणून टिके. आज बारीक आवाजाचा माणूसही हजारो श्रोत्यांपुढे उभा राहू शकतो. ही किमया ज्या यंत्रांनी केली, त्यांच्याविषयी मात्र व्याख्यान क्वचितच होते. इतिहास, संतवाङ्मय, राजकारण यांच्या पंगतीत एक पान या यंत्रांसाठीही मांडावे, या हेतूने आम्ही आजचा विषय घेतला आहे. विषय तसा लहान आहे. घरी गाणे ऐकण्यासाठी अॅम्प्लिफायर आणि स्पीकर घ्यावयाचे, तर ते एकमेकांना साजेसे कसे निवडावेत, एवढाच हा प्रश्न.

कोणी म्हणेल, हा शहरातल्या शौकिनांचा प्रश्न. दिंद्रुडच्या माणसाला त्याचे काय? आमचे मत नेमके उलट आहे. ज्याच्यापाशी पैसा पुष्कळ आहे, त्याची एक वस्तू फसली तर तो दुसरी आणतो. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घर सोडून जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडला की फाल्गुन-चैत्रात परत येतात. उचल फिटून जे काही हाती उरते, त्यातून धान्य, औषधपाणी, मुलांची पुस्तके झाल्यावर एखादा घरधनी गाण्याचे यंत्र घरी आणतो. त्या पैशात सहा महिन्यांचे कष्ट असतात. ते यंत्र खोक्यावर छापलेल्या एका मोठ्या आकड्याकडे पाहून घेतले जावे आणि पहिल्याच लग्नसराईत जळावे, ही गोष्ट विनोदाची नव्हे. म्हणून हा विषय शौकाचा नसून हिशेबाचा आहे, असे आम्ही मानतो. सुदैवाने हा हिशेब अवघड नाही. ज्याला बैलजोडी पारखता येते, त्याला तो येईल. एक बैल थोराड आणि दुसरा खुजा असला, तर दोघेही आपापल्या परीने चांगले असून औत सरळ चालत नाही. इथेही तसेच आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. कारण आपल्या समजुतींचे मूळ त्यात आहे. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी १९१५ च्या सुमारास मोठ्या जनसमुदायाला भाषण ऐकू जाईल असा कर्णा तयार केला. पुढे १९२५ साली राइस आणि केलॉग या दोन संशोधकांनी कागदी शंकू आणि त्यामागे चुंबकात हलणारे तारेचे वेटोळे, अशा रचनेचा स्पीकर सिद्ध केला. आज आपल्या घरात जे स्पीकर आहेत, ते बहुतेक सर्व याच रचनेचे वंशज आहेत. आपल्या देशात हे यंत्र घराच्या आधी मैदानात आले. महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांच्या सभांची जुनी छायाचित्रे पाहिली, तर मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते. नाव शिकागोचे असले, तरी ही कंपनी मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची होती.

मैदानातला तो कर्णा पुढे गावोगाव पोचला. सप्ताह, यात्रा, लग्न, निवडणूक हे सारे आपण भोंग्यावरच ऐकत आलो. त्यामुळे यंत्र चांगले म्हणजे मोठ्याने वाजणारे, ही समजूत आपल्या कानात बसली. कर्ण्याचे कामच ते आहे. तो एका वॅटमध्ये घरच्या स्पीकरच्या कितीतरी पट आवाज करतो. कीर्तनकाराचे शब्द तो पार शिवेपर्यंत नेतो; पण पखवाजाची धूम त्याला पेलत नाही. खालचे स्वर तो जवळजवळ टाकूनच देतो. सप्ताहाच्या मांडवात बसून ऐकलेले भजन आणि तेच भजन मळ्यात भोंग्यावर ऐकलेले, यांत जो फरक जाणवतो, तो नुसता अंतराचा नसतो. घरात आपल्याला शिवेपर्यंत आवाज न्यावयाचा नसतो. समोर आठ-दहा फुटांवर बसलेल्या माणसाला सगळे स्वर, खालचे आणि वरचे, त्यांच्या योग्य प्रमाणात द्यावयाचे असतात. मैदानाचे माप घराला लावणे, हेच पुष्कळशा फसगतीचे मूळ आहे.

दुसरी गोष्ट स्टिरिओची. आपल्याला दोन कान आहेत आणि त्या दोहोंवर पडणाऱ्या आवाजातील सूक्ष्म फरकावरून आवाज कोणत्या दिशेने आला, हे आपण ओळखतो. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१ साली या तत्त्वावर ध्वनिमुद्रणाचे पेटंट मागितले. स्टिरिओ तबकड्या सर्रास विक्रीस आल्या त्या १९५८ च्या सुमारास. स्टिरिओ म्हणजे दोन खोकी, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही, तिथे गायक बसला आहे असे वाटावे, डावीकडे तबला आणि उजवीकडे पेटी उमगावी, हा स्टिरिओचा उद्देश आहे. त्याकरिता दोन्ही स्पीकर एकाच जातीचे, एकाच मापाचे आणि एकाच जोराचे हवेत. एक जुना मोठा आणि एक नवा लहान असे जोडले, तर आवाज दोन होतील, पण स्टिरिओ होणार नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. अॅम्प्लिफायर काय करतो? मोबाइल, रेडिओ किंवा सीडी प्लेअर यांतून येणारा अगदी क्षीण विद्युतप्रवाह तो हुबेहूब त्याच आकाराचा, पण बलवान करून देतो. स्पीकर त्या विजेचे हवेच्या कंपनांत रूपांतर करतो. हे रूपांतर किती काटकसरीने होते? श्रोतेहो, ऐकून नवल वाटेल, घरगुती स्पीकर घेतलेल्या विजेच्या शंभरातला एक हिस्साही आवाजात बदलत नाही. साधारण चांगल्या स्पीकरमध्ये तीनशे वॅटांपैकी एक वॅटच आवाज होतो. बाकीची उष्णता होते आणि ती त्या बारीक तारेच्या वेटोळ्याला सोसावी लागते. स्पीकर जळतो म्हणजे हे वेटोळे जळते. एवढे ध्यानात ठेवले, म्हणजे पुढचे तीन मेळ समजणे सोपे जाईल.

पहिला मेळ ओहमचा. स्पीकरच्या पाठीवर ४ ओहम, ६ ओहम किंवा ८ ओहम असे लिहिलेले असते. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. विहिरीवरच्या मोटरचा दृष्टांत घ्या. पाइप अरुंद असेल तर पाणी कमी येते, रुंद असेल तर जास्त येते. कमी ओहमचा स्पीकर म्हणजे रुंद पाइप. अॅम्प्लिफायरने २० व्होल्टचा दाब दिला, तर ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर प्रवाह ओढतो आणि ५० वॅट शक्ती घेतो. त्याच दाबाखाली ४ ओहमचा स्पीकर ५ अँपिअर ओढतो आणि १०० वॅट घेतो. २ ओहम झाले, तर १० अँपिअर. इतका प्रवाह पुरविण्याची ताकद अॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरांत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये नसेल, तर ते तापतात, फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कोणी जाड तार बांधली असेल, तर ट्रान्झिस्टरच जातो.

म्हणून नियम असा : अॅम्प्लिफायरच्या मागे जो सर्वांत कमी आकडा लिहिला असेल, त्याहून कमी ओहमचा भार त्याला कधीही देऊ नये. जास्त ओहमचा चालतो. आवाज थोडा कमी येतो, इतकेच. इथे घात होतो तो जास्तीचे स्पीकर जोडताना. ओट्यावर एक, माडीवर एक, असे एकाच जोडणीवर दोन स्पीकर बांधले जातात. ८ ओहमचे दोन स्पीकर असे शेजारी शेजारी जोडले, तर भार ४ ओहमचा होतो. ४ ओहमचे दोन जोडले, तर २ ओहमचा. तेच एकामागे एक जोडले, तर ४ आणि ४ मिळून ८ होतात. स्पीकरवरचा आकडा पुसला गेला असेल, तर मल्टिमीटरने मोजावा. मीटर थोडा कमी आकडा दाखवितो : सहा-सात दाखविले तर तो ८ ओहमचा, तीन-साडेतीन दाखविले तर ४ ओहमचा समजावा.

इथेच मांडवातल्या यंत्राविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. सप्ताहाचे भोंगे लांबलांब तारांवर असतात, म्हणून त्यांचे अॅम्प्लिफायर पुष्कळदा १०० व्होल्टच्या लाइनवर चालतात आणि प्रत्येक भोंग्यापाशी एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो. १० वॅटचा असा भोंगा लाइनला १००० ओहमचा दिसतो. तो घरच्या अॅम्प्लिफायरला लावला, तर जेमतेम कुरकुरेल. उलट, घरचा ८ ओहमचा स्पीकर त्या १०० व्होल्टच्या टोकांना लावला, तर गणिताने तो साडेबाराशे वॅट मागतो. मग स्पीकर तरी जळतो किंवा अॅम्प्लिफायर तरी. दोन्ही यंत्रे चांगली, दोन्ही कामाची, पण त्यांची सोयरीक होत नाही.

दुसरा मेळ वॅटचा, आणि सर्वांत जास्त गोंधळ याच शब्दाने केला आहे. प्रथम हे स्पष्ट करू की, अॅम्प्लिफायरवरचा वॅट आणि स्पीकरवरचा वॅट यांचे अर्थ वेगळे आहेत. अॅम्प्लिफायरवरचा वॅट म्हणजे तो देऊ शकेल ती शक्ती. स्पीकरवरचा वॅट म्हणजे तो सोसू शकेल ते ओझे. एखादा हमाल शंभर किलोचे पोते पेलतो, याचा अर्थ तो शंभर किलो धान्य पिकवितो असा होत नाही. तद्वतच २०० वॅटचा स्पीकर ५० वॅटच्या स्पीकरपेक्षा मोठ्याने वाजेलच, असे मुळीच नाही. कधी कधी तो हळूच वाजतो.

आता खोक्यावरचे आकडे. ‘पीएमपीओ ५००० वॅट’ अशी अक्षरे आपण पाहतो. या पीएमपीओला कोणतेही सर्वमान्य माप नाही. क्षणाच्या एका बारीक अंशात काल्पनिकरीत्या किती शक्ती निघेल, याचा तो फुगविलेला अंदाज असतो. अमेरिकेतही अशा फुगवट्याचा सुळसुळाट झाला होता, तेव्हा तेथील सरकारी व्यापार आयोगाने १९७४ साली नियम केला की, घरगुती अॅम्प्लिफायरची शक्ती सतत किती, कोणत्या ओहमवर, कोणत्या स्वरमर्यादेत आणि किती विकृतीसह मिळते, हे सांगितले पाहिजे. आपणही दुकानात हेच चार प्रश्न विचारावेत. सतत मिळणाऱ्या शक्तीला बाजारात ‘आरएमएस वॅट’ म्हणतात. तो आकडा दोन्ही बाजूंचा मिळून आहे की एका बाजूचा, हेही विचारावे.

दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर एक सोपी परीक्षा आहे. यंत्राच्या पाठीवर ते विजेच्या तारेतून किती वॅट घेते, हे लिहिलेले असते. जे यंत्र ४० वॅट घेते, ते सतत ५००० वॅट देईल कसे? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. घेतलेल्या शक्तीचा काही भाग उष्णतेत जातोच. जुन्या पद्धतीच्या अॅम्प्लिफायरमध्ये साधारण अर्ध्याच्या आसपास, आजच्या क्लास-डी पद्धतीत पुष्कळ कमी. तेव्हा पाठीवरचा आकडा पाहावा, मनात थोडी वजाबाकी करावी, आणि मग खोक्यावरची अक्षरे वाचावीत.

अॅम्प्लिफायर स्पीकरपेक्षा लहान असला म्हणजे स्पीकर सुरक्षित, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लहान अॅम्प्लिफायर शांतपणे वाजविला तर काहीच बिघडत नाही. परंतु वरातीच्या उत्साहात त्याची खुंटी शेवटपर्यंत पिळली, तर त्याला ध्वनिलहरीची उंच शिखरे देता येत नाहीत. तो ती छाटून टाकतो. गोल शिखराच्या जागी सपाट पठार येते. अशा छाटलेल्या लहरीची सरासरी शक्ती वाढते आणि तिच्यात मुळात नसलेले वरचे कर्कश स्वर मिसळतात. ते सारे जातात ट्विटरकडे, म्हणजे बारीक आवाजाच्या लहान स्पीकरकडे. त्याची तार केसासारखी. ती तापून तुटते. मग लोक म्हणतात, ‘शंभर वॅटचा स्पीकर तीस वॅटच्या अॅम्प्लिफायरने कसा जळाला?’ तो असा जळतो. आवाज चिरकू लागला की खुंटी मागे घ्यावी, हा यावरचा एकमेव आणि फुकटचा इलाज आहे.

तिसरा मेळ संवेदनक्षमतेचा. हा आकडा दुकानात कोणी विचारत नाही, आणि आमच्या मते हाच सर्वांत उपयोगाचा आहे. स्पीकरला एक वॅट दिला असता समोर एक मीटरवर किती डेसिबेल आवाज येतो, ते या आकड्याने कळते. घरगुती स्पीकरमध्ये तो साधारण ८४ पासून ९० च्या पुढेपर्यंत असतो. फरक किरकोळ दिसतो, पण डेसिबेलचा हिशेब वेगळा आहे. ३ डेसिबेल वाढवावयाचे तर शक्ती दुप्पट लागते. ६ वाढवावयाचे तर चौपट. १० वाढवावयाचे तर दसपट. आणि एवढी दसपट शक्ती दिल्यावर कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे ९० डेसिबेलचा स्पीकर २५ वॅटवर जे काम करील, त्यासाठी ८४ च्या स्पीकरला १०० वॅट लागतील. आता सांगा, महागडा अॅम्प्लिफायर घ्यावा की जरा बरा स्पीकर?

आपल्या घरात किती वॅट लागतात, याचा हिशेब मांडून पाहू. खोली १२ फूट बाय १० फूट. स्पीकर ८७ डेसिबेलचे, दोन. ऐकणारा आठ-नऊ फुटांवर. एकेका स्पीकरला एक वॅट दिला, तर बसल्या जागी सुमारे ८० डेसिबेल आवाज येतो, आणि तो काही हळू नव्हे. शेजारच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागेल, इतका आहे. परंतु संगीत एकसारखे नसते. तबल्याची थाप किंवा तिहाईची सम सरासरीच्या १५ डेसिबेल वर उसळते. १५ डेसिबेल म्हणजे सुमारे ३० पट. म्हणजे त्या क्षणापुरते ३० वॅट हवेत. तेव्हा दर बाजूला खरेखुरे ३० ते ४० वॅट देणारा अॅम्प्लिफायर आणि सुमारे ५० ते १०० वॅट सोसणारे स्पीकर, एवढी जोडी अशा खोलीला भरपूर झाली. हजारांचे आकडे हे खोक्यांचे भूषण आहे, घराची गरज नव्हे.

यावरून निवडीचा क्रम निघतो. बाजारात आधी अॅम्प्लिफायर पसंत करतात आणि मग उरलेल्या पैशात मिळतील ते स्पीकर घेतात. आम्ही सुचवितो तो क्रम उलटा आहे. आधी आपली खोली पाहावी, मग त्या खोलीला शोभणारे स्पीकर निवडावेत, आणि सर्वांत शेवटी त्या स्पीकरांना पुरेल असा अॅम्प्लिफायर घ्यावा. पैशाचा मोठा वाटा स्पीकरांकडे जावा. कारण आज साध्या अॅम्प्लिफायरमध्येही विकृती फारच थोडी असते. आवाजाच्या गुणात जो फरक पडतो, तो बहुतांशी स्पीकरांचा आणि खोलीचा असतो. ज्या स्पीकरांच्या पोटातच अॅम्प्लिफायर बसविलेला असतो, त्यांच्यात ही जुळणी कारखान्यातच झालेली असते. ज्याला डोकेफोड नको, त्याने तसे घ्यावेत. मात्र बिघाड झाल्यास गावात दुरुस्ती होईल का, हे आधी विचारून घ्यावे.

खोलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि माती, खाली सारवलेली जमीन. असे घर प्रतिध्वनी कमी करते. आजच्या स्लॅबच्या घरात सहाही बाजू कठीण. फरशी गुळगुळीत, भिंतीला ऑइलपेंट. तिथे टाळी वाजवून पाहा. टाळीच्या मागे झणझण उठली, तर गाण्यातले शब्दही तसेच एकमेकांत मिसळणार. तिथे नवा अॅम्प्लिफायर आणून उपयोग नाही. जमिनीवर सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदा लावा, मागच्या भिंतीशी गोधड्यांची चवड रचा. हा खर्च शून्य, आणि फरक पहिल्याच गाण्याला कळेल. पत्र्याच्या घरात पत्रा स्वतःच थरथरतो. तिथे खालच्या स्वरांचा जोर आवरता घ्यावा.

स्पीकर कोठे ठेवावेत? दोघांमधले अंतर आणि प्रत्येकापासून आपले अंतर साधारण सारखे असावे, म्हणजे समभुज त्रिकोण होईल. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. कोपऱ्यात दडपलेला स्पीकर घुमतो. भिंतीपासून फूटभर पुढे ओढावा. तार तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची, घराच्या फिटिंगला वापरतात तीच पुरेशी आहे. पाच मीटर अंतराला तिचा अडथळा जाण्यायेण्याचा मिळून ओहमच्या आठव्या हिश्शाएवढा होतो. घंटीची बारीक तार वापरली, तर तोच पाऊण ओहमच्या वर जातो, आणि ४ ओहमच्या स्पीकरला तेवढे नुकसान बरेच होते. उलटपक्षी, हजारो रुपयांची चकचकीत तार घेऊन मिळवावयाचे काही उरत नाही.

लाल टोकाला लाल आणि काळ्याला काळे, हे दोन्ही बाजूंना पाळावे. एक बाजू उलटी झाली, तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो. खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि मधोमध बसलेला गायक नाहीसा होतो. खुणा पुसल्या असतील, तर दीड व्होल्टच्या साध्या सेलची टोके क्षणभर उघड्या स्पीकरला लावून पाहावीत. शंकू बाहेर सरकला, तर सेलची धन बाजू ज्या टोकाला लागली ते लाल समजावे.

विजेचाही विचार केला पाहिजे. शेतीच्या मोटरी सुरू झाल्या की दाब उतरतो, हा आपला नित्याचा अनुभव. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅम्प्लिफायरमध्ये दाब १० टक्क्यांनी उतरला, तर शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते. म्हणजे आधीच काठावर असलेले यंत्र अशा वेळी शिखरे छाटू लागते. म्हणून शक्तीत थोडी शिल्लक असावी, हे आमचे म्हणणे. आणि आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो; तेव्हा अॅम्प्लिफायर कपाटात कोंडू नये, त्यावर विणलेला रुमाल घालू नये. त्याच्या पाठीवरचे ॲल्युमिनियमचे पंख शोभेसाठी नसून उष्णता टाकण्यासाठी आहेत.

ज्यांना नवे घेणे परवडत नाही, त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात, आणि त्यांतून जुळविलेले अॅम्प्लिफायर आपल्या देशात दोन पिढ्या वाजत आले आहेत. १९६० च्या दशकातला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर आजही खेड्यातल्या कारागिराच्या खणात सापडतो. अशा यंत्राचा गुण हा की ते उघडता येते आणि दुरुस्त करता येते. कारागिराला एवढेच सांगावे : ट्रान्सफॉर्मर हलका घालू नकोस, पंख मोठे लाव, स्पीकरच्या तारेत योग्य मापाचा फ्यूज ठेव, आणि किती ओहमपर्यंत चालेल ते मागे रंगाने लिहून दे.

दुकानात परीक्षा कशी करावी? आपल्या ओळखीचे गाणे बरोबर न्यावे. दोन जोड्या ताडून पाहताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावयास सांगावा. कारण जी जरा मोठ्याने वाजते, ती कानाला बरी वाटते, आणि विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. मग भजनाचे एक ध्वनिमुद्रण लावावे. यापेक्षा चांगली कसोटी आम्हाला माहीत नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून जो खोल स्वर काढतात, तो ऐकू येतो की नुसतेच ‘धप धप’ होते? टाळांची किणकिण लांबत जाते की ‘छिस्’ होऊन संपते? बुवांचा शब्द स्पष्ट आहे की नाकातून येतो? तंबोऱ्याची जवारी कळते का? शहरातल्या पुष्कळ श्रोत्यांनी ही वाद्ये यंत्रावाचून कधी ऐकलेली नसतात. आपण ती देवळाच्या सभामंडपात, हाताच्या अंतरावर बसून ऐकलेली आहेत. खरा पखवाज कसा वाजतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला फसविणे कठीण. हे माप आपल्यापाशी जन्मजात आहे; दुकानात ते घरी ठेवून जाऊ नये, इतकेच.

शेवटी, आवाजाच्या मर्यादेविषयी दोन शब्द. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. कानाच्या आरोग्याचा हिशेबही कडक आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबेल आवाज दिवसात आठ तास सोसता येतो, आणि पुढे दर ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबेलला तो पंधरा मिनिटांवर येतो. कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी अशा आवाजाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. ज्या मुलाच्या हौसेसाठी यंत्र आणले, त्याचेच कान त्यापायी जावेत, याहून उलटा व्यवहार कोणता? आणि भिंतीपलीकडे कोणी दिवसभर राबून निजलेला असतो, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असतो, कोणी आजारी असतो.

अशा रीतीने हिशेब सगळा एका जागी येतो. ओहम जुळले म्हणजे यंत्र टिकते. वॅट खरे असले म्हणजे आवाज चिरकत नाही. संवेदनक्षमता पाहून घेतली म्हणजे पैसा वाचतो. खोली सावरली म्हणजे गाणे खुलते. या चारही गोष्टी जमल्या, तर यंत्र मोठ्याने वाजविण्याची गरजच पडत नाही, असे आमचे म्हणणे आहे. जुळलेली जोडी हळू वाजली तरी भरलेली वाटते. संध्याकाळी जेवणे झाल्यावर आजी, सून, नातवंडे एका सतरंजीवर बसली आहेत, बोलणे चालूच आहे, आणि मागे एखादा अभंग असा वाजतो आहे की त्यातला प्रत्येक शब्द कळावा आणि कोणाला आवाज चढवावा लागू नये, इतके साधले की खर्च केलेला पैसा वसूल झाला असे समजावे.